सोसायटीतर्फे शिलाई मशिनं द्यायची आहेत – ठाण्यात कोणाला द्यावीत?

उपवनकाठची

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने (वर्तकनगरच्या पुढे, उपवनच्या बाजूला) दिवाळीआधी फराळाचे आणि कंदिलांचे स्टॉल लावले होते. खर्च वजा जाता १,३५,००० रुपये उरलेत. आजवर हे पैसे कोजागिरी आणि सहलीतच जायचे. यंदा बहुतेकींचं म्हणणं पडलं की आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायका ज्या वस्त्यांतून येतात, लोकमान्यनगर, सावरकरनगर, येऊरच्या पायथ्याचे पाडे, तिथल्या घरांसाठी काहीतरी ठोस करू या.

मीटिंगमध्ये ठरलं ते असं: दहा गरजू बायकांना दहा शिलाई मशिनं. मोटर आणि टेबलासकट तेरा-साडेतेरा हजारांत बसतंय, जांभळी नाक्याजवळच्या एका दुकानदाराने कोटेशन दिलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटपाचा कार्यक्रम करायचा.

प्रश्न दोन. गरजू बायका कशा निवडायच्या? आमच्याकडे आत्ताच बावीस नावं आलीत, त्यातली निम्मी सेक्रेटरींच्या ओळखीची. आणि एखाद्या संस्थेमार्फत द्यायचं तर ती खरी काम करणारी आहे हे कसं ओळखायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या लोकांनी अनुभव सांगावेत.

पामबीच

किती छान उपक्रम! मशीन मिळालं की बाई स्वतःच्या पायावर उभी राहते. आमच्या नेरूळच्या ग्रुपने गेल्या वर्षी रेशन किट वाटली होती, पण मशीन म्हणजे कायमचं काम. शुभेच्छा.

कडूकारले

बावीस नावं आणि दहा मशिनं. उरलेल्या बारा जणी तुमच्याकडे भांडी घासायला येतील तेव्हा काय सांगणार, त्याची तयारी ठेवा. बाकी चालू द्या.

काजबटण

उपवनकाठची ताई, जरा लांबण लावतो, राग मानू नका. माझं कळव्याला छोटं युनिट आहे, शाळेचे गणवेश आणि हॉटेलचे ॲप्रन शिवतो. बायकाच कामाला आहेत, काही जणी घरी नेऊन काम करतात. वाटपातली मशिनं घेऊन बसलेल्या बायका माझ्याकडे काम मागायला नेहमी येतात, म्हणून सांगतो.

तुम्ही देताय ते घरगुती मशीन. त्याच्यावर ब्लाउज होतो, परकर होतो, अल्टरचं काम होतं. पण गणवेशाचा किंवा ॲप्रनचा जॉबवर्क घ्यायचा तर वेग लागतो, त्याला जाड टेबलाचं कारखान्याचं मशीन लागतं आणि जोडीला ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा बांधणारं मशीन. ओव्हरलॉक नसलेल्या बाईला मी पीस देऊच शकत नाही, कडा सुटून माल परत येतो. मग उरतं काय? गल्लीतला ब्लाउज आणि फॉल-पिको. आता एका गल्लीत फॉल-पिको करणाऱ्या आधीच चार असतात. तुम्ही एकाच वस्तीत दहा मशिनं टाकली की त्या चौघींचा भाव पडतो आणि नव्या दहा जणींनाही पुरेसं काम मिळत नाही. पिकोला वेगळं मशीन लागतं ते आणखीनच.

दुसरं, जागा. दहा बाय दहाची खोली, त्यात पाच माणसं. टेबलासकट मशीन ठेवलं की रात्री झोपायला एक माणूस कमी मावतं. मग मशीन पोटमाळ्यावर जातं. तिथे महिना-दोन महिने तेल नाही मिळालं की शटल जाम. दुरुस्तीवाल्याने 'बघायचे'च दोनशे घेतले की ती बाई ते निम्म्या किमतीत विकते, आणि माझ्या मते बरोबरच करते. त्या आठवड्यात तिला मशिनापेक्षा पैशांची गरज जास्त असते.

मशीन वाईट असं म्हणत नाही. माझ्याकडे काम करणाऱ्या दोघींनी स्वतः पैसे जमवून मशीन घेतलं आणि आज त्यांचं उत्तम चाललंय. पण त्यांच्या हाताला काम आधी होतं, मशीन मागून आलं.

उपवनकाठची

काजबटणदादा, राग कसला. हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं हे मात्र खरं.

पण मग काय द्यायचं? मंडळाला 'दिसेल' असं काहीतरी हवंय. तशी अट नाहीये, पण आहेच.

हिशेबनीस

बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच ठाणे जिल्ह्यात. बचतगटांची खाती उघडणं हा माझा आवडता भाग होता आणि सहकाऱ्यांचा नावडता. म्हणून थोडी पार्श्वभूमी.

गरीब बाईला वस्तूऐवजी पत द्या, हा विचार आपल्याकडे नवा नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा गिरणगावात घरोघरी खानावळी चालवणाऱ्या बायका किराणा दुकानदाराच्या आणि सावकाराच्या उधारीत बुडालेल्या असत. डबे गिरणीकामगारांचे, मेहनत बायकांची आणि नफा तिसऱ्याचा. प्रेमाताईंनी त्यांचे गट केले, एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून दिलं. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तो लिज्जत. तिथेही कोणी कोणाला पोळपाट वाटले नव्हते. माल घेणारं कोण, पैसे केव्हा मिळणार आणि हिशेब कोण ठेवणार, हे आधी ठरलं.

बचतगट-बँक जोडणीचा कार्यक्रम नाबार्डने (शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक) १९९२ मध्ये सुरू केला. दहा ते वीस बायका, दरमहा ठरलेली बचत, त्यातूनच आपापसांत कर्ज, नियमित बैठक, नियमित परतफेड, वहीत नोंद. सहा महिने हे नीट चाललं की बँक गटाला कर्ज देऊ शकते, आणि १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. (शाखेत गेल्यावर साहेब तारण मागतात, तो भाग निराळा.)

आकडा सांगतो, म्हणजे कळेल. नाक्यावरचा सावकार शेकडा दहाने देतो, महिन्याला. दहा हजार घेतले तर दरमहा हजार रुपये व्याज. दहा महिन्यांत दहा हजार व्याजात गेले आणि मुद्दल तसंच उभं. गटातून महिना दोन टक्क्यांनी घेतले आणि दरमहा हजार मुद्दल फेडलं, तर दहा महिन्यांचं सगळं व्याज ११०० रुपये. आणि ते ११०० गटाच्याच पेटीत राहतात, वर्षअखेर वाटणीत तिलाही मिळतात. एका कुटुंबाला याहून मोठी मदत १,३५,००० रुपयांत दहा ठिकाणी करता येईलसं मला वाटत नाही.

कडूकारले

काका, हे सगळं छान. पण बचतगटात निम्म्या वेळा अध्यक्षबाईच सगळं कर्ज उचलते आणि बाकीच्या सह्या करतात. आणि संस्थांचं म्हणाल तर देणगीतला निम्मा पैसा पगारात आणि ऑफिसभाड्यात जातो. मी तरी थेट माणसाच्या हातात देतो. मध्ये कोणी नको.

मुक्कामपोस्ट_तुर्भे

कडूकारले, तुमचं पहिलं वाक्य काही अंशी खरं आहे, दुसऱ्यावर मात्र भांडायचंय.

मी नवी मुंबईत वस्ती पातळीवर काम करते, बरीच वर्षं. संस्थेचं नाव लिहीत नाही, इथे जाहिरात करायची नाहीये. तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, मग दिघा-चिंचपाडा पट्टा. आमच्याकडच्या बायका एपीएमसीत (वाशीच्या घाऊक बाजारात) कांदा-लसूण निवडायला जातात, रबाळे-महापेच्या कंपन्यांत पॅकिंगला जातात, वाशी-सानपाड्यात घरकामाला जातात, आणि बऱ्याच कचरा वेचतात.

एखाद्या बाईला 'मदत' करायची म्हणजे प्रत्यक्षात काय करावं लागतं ते सांगते. एक उदाहरण घेते, नाव-गाव बदलून.

नवरा वारलेला, दोन मुलं. संजय गांधी निराधार योजनेत बसते. अर्ज करायचा तर उत्पन्नाचा दाखला लागतो, वर्षाला २१,००० च्या आतला. तो तहसील कार्यालयातून. त्यासाठी रेशनकार्ड. रेशनकार्डात तिचं नाव अजून माहेरी, जालन्याकडे. तिथून कमी केल्याशिवाय इथे चढत नाही. नवऱ्याचा मृत्यूदाखला आहे, पण त्याच्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं. बँक खातं आहे, जनधनचं, पण आधारशी जोडलेलं नाही, म्हणजे अनुदान मंजूर झालं तरी जमा होणार नाही. यातल्या प्रत्येक खिडकीसाठी तिचा एक दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की त्या दिवसाची मजुरी गेली. तिसऱ्या फेरीला ती नाद सोडते. अर्ज करायला ती आळशी नाही, तिला परवडत नाही.

इथे जी कार्यकर्ती तिच्यासोबत जाते, रांगेत उभी राहते, जालन्याच्या तलाठ्याला फोन करत राहते, तिचा पगार म्हणजे तुमचा 'निम्मा पैसा पगारात'. आता लाडकी बहीणचं बघा. २०२४ मध्ये योजना आली, महिना १५०० रुपये. अर्ज भरताना आमच्या ऑफिसबाहेर रांग. मग ई-केवायसी आली, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार. ज्यांना दोन्ही नाहीत त्या कुठे जाणार? त्या आठवड्यांत आमच्या दोघी कार्यकर्त्या रात्री नऊपर्यंत बसायच्या. त्यांना महिन्याला जे मिळतं ते तुमच्या टॉवरमधल्या ड्रायव्हरपेक्षा कमी आहे.

देणारे मशीन देतात, सायकल देतात, दप्तरं देतात. शाळा सुरू व्हायच्या सुमारास आमच्याकडे इतकी दप्तरं येतात की एकेका पोराकडे तीन. कार्यकर्तीचा पगार द्यायला मात्र कोणी तयार नसतं, कारण त्याच्यावर फीत कापता येत नाही. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) मिळतो, पण त्यालाही 'किती लाभार्थी' हा आकडा हवा असतो. तीनशे बायकांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं की आकडा झाला. एका बाईच्या मागे आठ महिने फिरलं तर आकडा 'एक'.

त्यामुळे उपवनकाठची ताई, माझं मत विचाराल तर पगार द्या. एखाद्या चांगल्या संस्थेच्या एका कार्यकर्तीचा वर्षभराचा, नाहीतर अर्ध्या वर्षाचा.

काजबटण

अनुमोदन. माझ्याकडच्या एका बाईचं रेशनकार्ड असंच एका संस्थेच्या ताईने करून दिलं. ती अंत्योदयमध्ये बसली, महिन्याला ३५ किलो धान्य. मी तिला पगारवाढ दिली तेव्हा तिला इतका आनंद झाला नव्हता.

पामबीच

मुक्कामपोस्ट ताई, डोळे उघडणारा प्रतिसाद. एक शंका. कार्यकर्तीला आपण कायम पगार देत राहिलो तर बायका स्वावलंबी कशा होणार? त्यांना सवय नाही का लागणार?

मुक्कामपोस्ट_तुर्भे

तुमच्या सोसायटीचे सीए दरवर्षी रिटर्न भरतात, त्याची तुम्हाला सवय लागली म्हणून कोणी काळजी करत नाही :)

गंमत सोडा. सवय लागते ती वाटपाची. एकदा दाखला काढलेली बाई पुढच्या वेळी शेजारणीला घेऊन तहसीलला जाते, हे मी अनेकदा पाहिलंय.

रबाळे_नाका

वाचनमात्र असतो, पण यावर लिहावंसं वाटलं.

आम्ही दिघ्याला राहायचो. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत होते, ती बंद पडली. आई पॅकिंगला जायला लागली आणि गल्लीतल्या बचतगटात सामील झाली. महिना पन्नास रुपये. बाबा म्हणायचे, पन्नास रुपयांत काय होणार. त्यात झालं असं की ताईच्या डिप्लोमाची फी भरायची होती आणि आईच्या कानातलं गहाण ठेवायचं ठरत होतं. गटातून तीन हजार मिळाले. कानातलं अजून आहे, ताईच्या मुलीच्या बारशाला आईने घातलं होतं.

पण मला जास्त आठवतं ते वेगळंच. आई चौथी शिकलेली. गटाच्या संस्थेची एक ताई यायची, तिने आईला वही लिहायला बसवलं. जमा, नावे, शिल्लक. पहिले काही महिने बेरीज मी तपासायचो. नंतर आई माझी तपासायला लागली. गटाचं खातं उघडायला पाच-सहा जणी बँकेत गेल्या तेव्हा शिपायाने दारात अडवलं, 'कोणाकडे काम आहे?' आई म्हणाली, 'मॅनेजरकडे.' पुढे कितीतरी महिने हा किस्सा घरात सांगितला जायचा.

त्या गटातल्या दोघींना कोणीतरी मशिनं दिली होती तेव्हा. काजबटण म्हणतात तसंच झालं, एक विकलं गेलं, एकावर टीव्ही ठेवला होता.

आणि कडूकारले, अध्यक्षबाईंचं. आमच्या गटातही तसा प्रयत्न झाला. वही आईकडे होती म्हणून कळलं.

हिशेबनीस

रबाळे_नाका, सुंदर. बाजूला ठेवायचा प्रतिसाद आहे हा.

एक पुस्ती. हल्ली वस्त्यांमध्ये 'गट' म्हटलं की लोकांना मायक्रोफायनान्सचा गट आठवतो. दोन्ही एक समजू नका. तिथे बचत नसते, कंपनी कर्ज देते, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता, आणि एकीने भरला नाही की बाकीच्यांवर दबाव. व्याज वर्षाला वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात. एका बाईची तीन-तीन कर्जं असतात, एकाचा हप्ता दुसऱ्यातून भरतात. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. हे किती बायकांना माहीत असतं?

मुक्कामपोस्ट_तुर्भे

कोणालाच नाही. आणि वसुलीवाला बरोबर सातला येतो, कारण तेव्हा ती घरी सापडते.

घणसोली_गल्ली

थोडा उलटा मुद्दा. सगळे बचतगट-दाखले यावर बोलतायत, पण पाळणाघराचं कोणी काढलं नाही. माझी बायको महापेला कामाला आहे, तिच्या लाइनवरच्या बायका काम का सोडतात माहितीय? मूल कोणाकडे ठेवायचं म्हणून. अंगणवाडी दुपारपर्यंत. कंपनीची पाळी संध्याकाळपर्यंत. मधल्या वेळेत आठ वर्षांची मोठी बहीण सांभाळते आणि तिची शाळा बुडते. ५० किंवा त्याहून जास्त कामगार असले तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची असा मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून कायदा आहे. आमच्याकडे कंत्राटदारच चार दाखवतात, म्हणजे प्रत्येकाकडे ४९ च्या आत.

बांधकामांवर मुंबई मोबाईल क्रेशेससारखी संस्था मुलांची केंद्रं चालवते, ठाणे-नवी मुंबईकडेही. वस्तीत तसं फार कमी आहे. दहा मुलं सांभाळणारी एक बाई मिळाली तर दहा जणी पूर्ण पाळी करू शकतात. हिशेब करा, मशिनांपेक्षा हे स्वस्त पडेल.

मुक्कामपोस्ट_तुर्भे

घणसोली_गल्ली, लाख बोललात. आमच्या दोन वस्त्यांत पाळणाघर होतं. देणगीदार बदलला, एक बंद पडलं. ज्या महिन्यात बंद पडलं त्याच महिन्यात चार जणींनी कंपनी सोडून पुन्हा कचरा वेचायला सुरुवात केली, कारण तिथे मूल पाठीशी बांधून नेता येतं.

कचरावेचक बायकांचं निघालंच आहे म्हणून: स्त्री मुक्ती संघटनेचं परिसर विकासचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी पाहावं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं. ओळखपत्र, गट, सोसायट्यांमध्ये कचरा वर्गीकरणाचं आणि खतखड्ड्यांचं कंत्राटी काम. २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं लिहिलं गेलं, ते अशा लोकांच्या वर्षानुवर्षांच्या रेट्यामुळे. तुमच्या सोसायटीचा ओला कचरा कोण बघतं, उपवनकाठची ताई? देणगीचं राहू द्या, कामच देता येईल.

कडूकारले

बरं बुवा, थोडा मऊ पडलो. पण खरी संस्था ओळखायची कशी हा धागाकर्तीचा दुसरा प्रश्न तसाच आहे. फेसबुकवर फोटो सगळ्यांचेच हसरे असतात.

हिशेबनीस

कागद बघायचे असतील तर: धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी (१९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा) किंवा कलम ८ कंपनी (ना-नफा कंपनी), आयकरातलं १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) चालू आहे का, आणि गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद. मागितल्यावर ताळेबंद देताना जे आढेवेढे घेतात तिथे पुढे जाऊ नका.

पण कागद नीट असूनही काम शून्य, असं असतं. म्हणून अचानक जा, शक्यतो बैठकीच्या दिवशी. गटाची वही मागा. वहीत सगळ्या सह्या एकाच शाईने, एकाच दिवशी केल्यासारख्या दिसल्या की समजून घ्या.

मुक्कामपोस्ट_तुर्भे

आणि बायकांशी बोला, संस्थेच्या लोकांना बाजूला ठेवून. विचारा, 'नवऱ्याने मारलं तर या ऑफिसात येता का?' पैशाचं काम आणि हे काम वेगळं करता येत नाही. बाईच्या हातात पैसे यायला लागले की काही घरांत मारहाण आधी वाढते, मग कमी होते. त्या मधल्या काळात संस्था कुठे असते ते महत्त्वाचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, १८१ हेल्पलाइन, संरक्षण अधिकारी, हे शब्द त्या बायकांच्या तोंडून आले तर संस्था नुसती बचत गोळा करत नाहीये.

पामबीच

हे हळदीकुंकवात कसं विचारणार...

मुक्कामपोस्ट_तुर्भे

हळदीकुंकवात विचारूच नका. आणि त्या कार्यक्रमाला विधवा बायकांना बोलावणार आहात का, ते आधी ठरवा. मदतीची सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते आणि आमंत्रण त्यांनाच नसतं.

उपवनकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा धागा टाकला आणि ग्रुप पेटला :) दोन जणींनी ग्रुप सोडला, एक परत आली.

मुक्कामपोस्ट ताईंनी व्यक्तिगत निरोपातून ठाण्यातल्या दोन-तीन संस्था सुचवल्या. त्यातल्या एकीच्या लोकमान्यनगरच्या केंद्रावर आम्ही चौघी न सांगता गेलो. वरच्या मजल्यावर बालवाडी आणि पाळणाघर एकत्र, खाली गटाची बैठक चालू होती. हिशेबनीसकाकांनी सांगितल्याप्रमाणे वही बघितली. सह्या वेगवेगळ्या, दोन अंगठे, एका ठिकाणी खाडाखोड आणि त्यावर 'चूक दुरुस्त' लिहून दोघींच्या सह्या. आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तातही इतकं प्रामाणिक काही नसतं.

तिथल्या सहा बायकांचा कापडी पिशव्यांचा गट आधीपासून आहे, दोन दुकानांची ऑर्डर आहे, पण ओव्हरलॉक नाही म्हणून शिवण बाहेरून करून आणतात. काजबटणदादा, तुमचीच आठवण झाली.

पाळणाघराच्या ताईंना जुलैपासून अर्धाच पगार मिळतोय. त्यांनी स्वतः सांगितलं नाही, वही बघताना दिसलं.

तर मंडळात मांडलेला ठराव: एक ओव्हरलॉक आणि एक कारखान्याचं मशीन, गटाच्या नावाने, कोणा एकीच्या नाही. राहिलेले पैसे पाळणाघराच्या पगारासाठी, दर तिमाहीला, ताळेबंद बघून. खजिनदारबाईंचं म्हणणं, पगार दिला तर फोटो कशाचा काढणार. अध्यक्ष म्हणतात, मशीनवर मंडळाचं नाव कोरून घेऊ. नाव कोरायला मी होकार दिलाय, मोठ्या लढाईत एवढं सोडायला हरकत नाही. वाटप हळदीकुंकवात नाही, हे मात्र ठरलं. विधवांच्या मुद्द्यावर एक ज्येष्ठ काकू उठून बोलल्या, त्या स्वतः दहा वर्षं हळदीकुंकवाला खाली उतरलेल्या नाहीत. त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

ठराव रविवारी मताला येईल.

काजबटण

ओव्हरलॉक तीन धाग्यांचं घ्या की पाच, हे पिशवीच्या कापडावर ठरेल. जाड कॅनव्हास असेल तर पाच. विकत घ्यायच्या आधी कापडाचा तुकडा दुकानात नेऊन चालवून बघा, आणि सर्व्हिसिंग कोण करणार ते लिहून घ्या. हवं असेल तर माझा कारागीर एकदा येऊन धागा भरायला शिकवेल. त्याच्या दिवसाचे पैसे मी बघतो. गटाला वर्षातून काही ॲप्रन मी देऊ शकेन, पण आधी सॅम्पल बघणार. दया म्हणून काम देत नाही.

मुक्कामपोस्ट_तुर्भे

शेवटची दोन वाक्यं आवडली.

कडूकारले

रविवारचा निकाल कळवा. ठराव पडला तर माझ्यातर्फे पाळणाघराला एक तिमाही धरा. पगारच. पावती हवी.

व्यवस्थापन

कृपया धाग्यावर कोणाचे फोन क्रमांक किंवा खाते क्रमांक देऊ नयेत. व्यक्तिगत निरोपाची सोय वापरावी. वरचे दोन प्रतिसाद त्यामुळे अप्रकाशित केले आहेत.

उपवनकाठची

ठराव पास, अकरा विरुद्ध सात.

आता एक तांत्रिक प्रश्न, हिशेबनीसकाकांना. काही जणी विचारतायत की आम्ही स्टॉलमध्ये स्वतःचे पैसे घातले होते, तर ८०जीची पावती आमच्या नावे मिळेल का?

हिशेबनीस

अभिनंदन!

नाही मिळणार. पैसे ज्याच्या खात्यातून जातील त्याच्या नावे प्रमाणपत्र, म्हणजे मंडळाच्या. ज्यांना वजावट हवी आहे त्यांनी वेगळी देणगी स्वतःच्या खात्यातून, पॅन देऊन करावी. रोख देणार असाल तर २,००० च्या वर वजावट नाही. संस्थेकडून १०बीई नमुन्यातलं प्रमाणपत्र मागा, साधी छापील पावती चालत नाही. आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना ८०जीचा फायदा नाहीच, हे आधी सांगा, नाहीतर मार्चमध्ये तुमच्या दारात येतील.

उपवनकाठची

सात जणींनी आधीच विचारलंय. त्यातल्या चार ठरावाच्या विरोधात होत्या. हे त्यांना मी ग्रुपवर सांगू की तुम्ही लिहिलेलंच चिकटवू?

हिशेबनीस

माझंच चिकटवा. मला सवय आहे.